अंधारातली बशी

कुमुदताई राऊतांना कुणी काही गुणकारी म्हणून सांगितलं की त्या आधी सगळं ऐकून घेत. मध्ये बोलत नसत. मग चष्मा काढून पदराने पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत आणि विचारत, "आणि अंधारातली बशी?"

सांगणारा गोंधळून जाई. तो नव्या तेलाने केस वाढल्याचं सांगत असे, किंवा मुलाचा दमा कुठल्याशा गोळ्यांनी थांबल्याचं. त्यात बशी कुठून आली? तो कुमुदताईंच्या कामातला शब्द होता. त्या जिवंत पेशींवर प्रयोग करीत. काचेच्या उथळ बशीत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर प्रकाश टाकायचा आणि काय फरक पडतो ते बघायचं. पण त्याच वेळी त्याच पेशींची दुसरी बशी प्रकाश न देता अंधारात ठेवायची. बाकी सगळं अगदी सारखं. ही दुसरी बशी नसेल, तर पहिलीत जे झालं ते प्रकाशामुळे झालं असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

"तेल न लावता तेवढेच महिने गेले असते, तर किती केस आले असते?" एवढंच त्या विचारत. पण आवाजात इतकी खरी उत्सुकता असे, की माणसाला राग यायच्या ऐवजी तो विचारात पडे.

आम्ही दुबईत अल कुसैसला एकाच इमारतीत राहत होतो. राऊत तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मी तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. वसंतराव राऊत एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर होते. गोरेपान, गोल चेहऱ्याचे, मूळचे अलिबागकडचे. शुक्रवारी पहाटे देऱ्याच्या मासळीबाजारात गेल्याशिवाय त्यांची सुट्टी सुरू होत नसे. कुमुदताई त्यांच्या मागून आल्या होत्या. मुंबईतली प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून, पासपोर्टवर 'हाउसवाइफ' असा शिक्का घेऊन. त्याबद्दल मी त्यांना कधी कुरकुरताना ऐकलं नाही. वसंतराव मात्र ऐकवत. "माझ्या व्हिसावर पीएचडी बाई आणलीय मी. कंपनीने एका तिकिटात दोन इंजिनिअर आणले असते तरी एवढी अक्कल आली नसती."

त्या तिथल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवीत. उंच, किडकिडीत, कडक सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी हातात स्वेटर. कारण बाहेर आपण असतोच किती, असं त्यांचं म्हणणं. घर एसी, टॅक्सी एसी, शाळा एसी. "मी दुबईत राहत नाही हो भाऊजी, महाबळेश्वरला राहते. मध्ये मध्ये भट्टी लागते."

आमची मुग्धा त्यांच्याच वर्गात होती. अंधारातल्या बशीला इंग्रजीत 'कंट्रोल' म्हणतात, म्हणून शाळेत मुलं त्यांना 'कंट्रोल मॅडम' म्हणत. त्यांची एक पद्धत फार गाजली होती. परीक्षेत उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही' असं स्वच्छ लिहायचं. त्याला अर्धा मार्क. थापा मारून पानभर लिहिलं तर शून्य. पालकांनी प्रिन्सिपॉलकडे तक्रार केली. कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही हे माहीत असणं हासुद्धा अभ्यासच आहे. अर्धा मार्क त्याचा." प्रिन्सिपॉलने पद्धत बंद करायला लावली. त्यांनी बंद केली, पण वहीतल्या रोजच्या गृहपाठाला चालू ठेवली. एकदा मुग्धा हसत हसत घरी आली. "बाबा, आय गॉट हाफ अ मार्क फॉर नथिंग!"

"नथिंग नाही," नीला म्हणाली, "खरं बोलल्याचा आहे तो."

नीला म्हणजे माझी बायको. तिच्यामुळेच आमची खरी ओळख झाली. तिची कंबर धरली होती, म्हणून मी शारजाहून शेकायचा दिवा आणला. लाल काचेचा, वाकवता येणाऱ्या मानेचा. साठ दिरहमचा. तेव्हाचे जवळजवळ सहाशे रुपये होतात हे मी दुकानातच मोठ्याने बोललो, म्हणून नीला परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'इन्फ्रारेड' लिहिलं होतं. कुमुदताई भांडं परत द्यायला आल्या, त्यांनी ते खोकं पाहिलं आणि भांडं हातात धरूनच खुर्चीवर बसल्या.

"इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसतोय तो नुसता लाल. तो दुकानदाराच्या सोयीचा. बरं वाटतं का याने?"

"खूप बरं वाटतं," नीला म्हणाली.

चष्मा निघाला, पुसला गेला. आम्हाला तेव्हा पुढचा प्रश्न माहीत नव्हता.

त्यांनी नीलाला एक कार्यक्रम आखून दिला. एक आठवडा दिवा. एक आठवडा गरम पाण्याची पिशवी. एक आठवडा नुसतं पडून राहायचं, काहीही न शेकता. रोज तीच वेळ, तीच गादी. रोज झोपायच्या आधी दहापैकी किती बरं वाटतं ते मला सांगायचं. मला असली कामं आवडतात. मी सरासरी काढली. दिवा आणि पिशवी सारखेच निघाले. नुसतं पडून राहणं किंचित वर निघालं.

कुमुदताईंनी आकडे नीट पाहिले. "दिवा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण पडून राहण्याचा गुण मोठा दिसतोय. त्या वेळात स्वयंपाक कोण करत होतं?"

"हे," नीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"मग बाई, गुण भाऊजींचा."

"सो बाबा इज द ट्रीटमेंट!" मुग्धा ओरडली. पुढचं वर्षभर मला घरात त्याच नावाने चिडवत होते.

पण इन्फ्रारेड हा त्यांच्या थट्टेचा विषय नव्हता. आयुष्यातला तोच त्यांचा सगळ्यात गंभीर विषय होता. त्या गुरुवारी देऱ्यातून शेअर टॅक्सीने अल ऐनला जात. तिथल्या विद्यापीठात डॉ. हाशिम नावाचे सुदानी प्राध्यापक होते. त्यांनी कुमुदताईंना प्रयोगशाळेचा एक कोपरा वापरायला दिला होता. पगार नाही. प्रश्न असा होता, की पेशींना आधी थोडा वेळ हा न दिसणारा प्रकाश दिला आणि मग त्यांच्यावर एक्स-रे सोडले, तर त्या पेशी जास्त टिकतात का? एक्स-रेने पेशीच्या आतल्या धाग्यांची मोडतोड होते. ती काही पेशी दुरुस्त करतात, काहींना जमत नाही. आधी मिळालेला प्रकाश त्या दुरुस्तीची तयारी करून घेतो, अशी त्यांची शंका होती. त्या 'शंका' हाच शब्द वापरत. "पूर्वीच्या काहींना उलटं दिसलं होतं," हेही त्या स्वतःच सांगत. "नुकसान वाढतं, असं. त्यामुळे मला दिसेल ते मला नीट दिसलं पाहिजे."

पहिल्या वर्षी त्यांना फार सुंदर निकाल मिळाला. प्रकाश मिळालेल्या पेशी अंधारातल्यांपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. डॉ. हाशिम खूष झाले, त्यांनी विभागात सगळ्यांना खजूर वाटले आणि एका परिषदेसाठी निबंधाचा गोषवाराही पाठवून दिला. त्या गुरुवारी वसंतराव त्यांना गाडीने आणायला गेले होते. काम आटपेपर्यंत ते एका स्टुलावर जाऊन बसले, आणि दोन मिनिटांत उठले.

"अगं, इथे माणूस गोठेल. व्हेंट डोक्यावर आहे."

कुमुदताईंनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. अंधारातल्या बश्या काळ्या खोक्यात त्या स्टुलाशेजारच्याच टेबलावर ठेवत असत. दिव्याची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. वर्षभर एक बशी मुंबईच्या हवेत आणि दुसरी गुलमर्गला, असा प्रकार झाला होता. आपल्याकडे ही चूक कुणी केली नसती. कारण आपल्याकडे एसी असा ओततच नाही कुणी.

"सगळं सारखं म्हणत होते मी," त्या मला नंतर म्हणाल्या. "आणि स्वतः मात्र स्वेटर घालून बसत होते. अंगावर पुरावा, भाऊजी."

डॉ. हाशिमना त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. ते सुरुवातीला मानेनात. अरबी पद्धतीने ते त्यांना 'दुक्तोरा', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत. "या दुक्तोरा, थोड्या थंडीने काय होतं? आम्ही सगळे याच थंडीत काम करतो, मेलो का?"

"मला दिव्याने पेशी वाचवल्या असं म्हणायचंय," कुमुदताई म्हणाल्या. "तुमच्या एसीने बाकीच्या मारल्या असं नाही."

ते खूप वेळ हसले, आणि मग त्यांनी तो गोषवारा मागे घेतला. मला वाटतं, हाशिमही मोठे गृहस्थ असले पाहिजेत.

त्यानंतर मी त्या प्रयोगशाळेत गेलो. आमच्या कारखान्यात केसाएवढ्या बारीक तारेचे तापमापक होते. साहेबांच्या परवानगीने त्यातले दोन मी नेऊन लावून दिले, एक उजेडातल्या बशीला, एक अंधारातल्या. दिव्याखाली पाण्याचा थर बसवला, म्हणजे उष्णता तिथेच अडेल. मग त्या मला म्हणाल्या, "आता आलाच आहात तर मोजून द्या."

प्रयोगानंतर जगलेल्या पेशी वाढून त्यांची बेटं होतात. जांभळा रंग घातला की बशीत जांभळे ठिपके दिसतात. बशीवरच्या खुणा त्यांनी चिकटपट्टीने झाकल्या होत्या. कुठली उजेडातली, कुठली अंधारातली, मला कळू नये म्हणून. "माहीत असलेला माणूस हवे तिथे जास्त ठिपके बघतो," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा." मी मोजले. पट्ट्या काढल्या. फरक उरला होता, पण पूर्वीपेक्षा बराच लहान. माझा चेहरा उतरलेला पाहून त्या म्हणाल्या, "अहो, आनंद करा. हा आपला आहे. तो एसीचा होता."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण पुढच्या वर्षी वसंतरावांच्या गळ्यात गाठ आली.

दाढी करताना हाताला लागली. कॅन्सरचं मूळ जिभेच्या बुडाशी होतं. ऑपरेशन करण्यासारखी जागा नव्हती. अल ऐनला रेडिएशनची सोय होती. तिथले डॉ. थॉमस म्हणाले, सहा-सात आठवडे, शनिवार ते बुधवार रोज. गाठ जाण्याची आशा चांगली आहे. पण तोंड आतून सोलवटून निघेल, गिळणं कठीण होईल, आणि लाळेच्या ग्रंथी वाटेतच असल्याने त्याही भाजतील. लाळ कदाचित परत येणार नाही.

वसंतरावांनी विचारलं, "मासे खाता येतील का?"

"गिळता आले तर," डॉक्टर म्हणाले.

इमारतीतल्या आणि आसपासच्या पाच मराठी घरांनी वार वाटून घेतले. प्रत्येकाने एक दिवस गाडी काढायची. सोमवार माझा होता. अलिबागहून वसंतरावांची मोठी बहीण आली. तिला सगळे अक्का म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

आणि जो येईल तो कुमुदताईंना तेच विचारू लागला. रेडिएशनने पेशींचं नुकसान होतं, आणि तुमचा प्रकाश तर पेशींना वाचवतो. मग?

त्यांच्या डोक्यात तो प्रश्न सगळ्यांच्या आधी आला होता, हे उघड आहे. आणि त्याच्या मागोमाग दुसराही. प्रकाशाला चांगलं-वाईट कळत नाही. गालाच्या पेशी वाचतील, तशा गाठीच्याही वाचल्या तर? मग सात आठवडे त्यांना भाजून काढायचं आणि आपणच गाठीच्या अंगावर चिलखत चढवून ठेवायचं. तोंडात या दोन्ही जातीच्या पेशी बोटाबोटाच्या अंतरावर होत्या.

त्यांनी सरळ तेच करून बघायचं ठरवलं. प्रयोगशाळांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवत ठेवलेल्या असतात. हाशिमनी तशाच जागेतून आलेल्या पेशी कुठूनशा मागवून दिल्या. उपचार सुरू व्हायला अवकाश होता. रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून वसंतरावांच्या चेहऱ्याचा साचा वगैरे बनवायचा होता. तेवढ्यात पहिली फेरी झाली. ठिपके मी मोजले, पट्ट्यांसकट. निरोगी पेशींना प्रकाशाचा फायदा झाला होता. गाठीच्या पेशींना काहीच फायदा झाला नव्हता.

कुमुदताईंना इतकं आनंदात मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. परतताना गाडीत त्या चक्क गुणगुणत होत्या. वसंतरावांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. डॉ. थॉमसना भेटून सगळं दाखवलं. ते नीट ऐकून म्हणाले, "एका फेरीवर मी माझ्या पेशंटच्या जवळ काही येऊ देणार नाही. आणखी आणा, मग बोलू." त्यावर त्या चिडल्या नाहीत. त्यांनीही तेच म्हटलं असतं. दुसरी फेरी लावली. ठिपके दिसायला दोन आठवडे लागतात. तोवर उपचार सुरू झाले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वसंतरावांचं तोंड आलं. मग मात्र ते भराभर वाढत गेलं. ओठ फुटले. पाणी गिळतानाही डोळ्यांतून पाणी येई. ज्या घरात शुक्रवारी तळणीच्या वासाने जिना भरून जायचा, तिथे आता गार पेज आणि दूध. एवढा बोलका माणूस, हातानेच 'राहू दे' म्हणायला लागला.

त्या सोमवारी दुपारी मी त्यांना न्यायला खाली गेलो. दार उघडंच होतं. वसंतराव खुर्चीत बसले होते आणि आमचा लाल दिवा त्यांच्या गालाशी वाकवलेला होता. शेजारी अक्का. दिवा तिने सकाळी नीलाकडून कंबर शेकायला म्हणून मागून नेला होता. मी काही म्हणेपर्यंत मागून कुमुदताई शाळेतून आल्या. पर्स खाली न ठेवताच त्या भिंतीशी गेल्या आणि त्यांनी प्लग ओढून काढला.

"अक्का, भाजलेल्या कातडीवर शेक? दिसत नाही का तुम्हाला, लाल झालीय किती?"

"मला एवढंच दिसतं की तीन दिवस माझ्या भावाच्या पोटात धड काही नाही," अक्का म्हणाली. "तू जन्मभर त्या दिव्याचंच शिकलीस ना? तिकडे बशीत कुणाकुणाच्या पेशी वाचवल्यास. घरच्या माणसाला नाही उपयोग?"

"हा तो दिवा नाही."

"मग तो आण! कुणी धरलंय तुला?"

कुमुदताई उभ्याच होत्या. वायर हातात. मी परत फिरावं की थांबावं, मला कळेना.

वसंतरावांनी अक्काला हाताने थांबवलं. मग घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "कुमुद. तू म्हणाली होतीस, गाठीला फायदा होत नाही."

"पहिल्या फेरीत झाला नाही."

"दुसरी?"

"दुसरीत झाला."

"कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार."

"हो."

गुरुवारचे ते ठिपके मीच मोजले होते, पण घरात सांगायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलं होतं. वसंतरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यात राग होता असं मला वाटत नाही. आशा लावून बसलेला माणूस ती खाली ठेवताना दिसतो, तसे ते दिसले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"चला कर्णिक. यल्ला. उशीर झाला की तो मशीनवाला कुरकुरतो."

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. कुमुदताईंनी दिव्याची वायर नीट गुंडाळली आणि दिवा माझ्या हातात दिला. मी तो गाडीच्या डिकीत ठेवला. नंतर नीलाने तो कधी वापरला नाही.

परतताना वसंतराव मागच्या सीटवर झोपले होते. अल ऐनच्या रस्त्याला दोन्हीकडे लाल वाळू, मध्ये मध्ये झाडांच्या ओळी. कुमुदताई पुढे बसल्या होत्या. अर्धा रस्ता गेल्यावर त्या समोरच बघत म्हणाल्या, "मी अंतर काढून ठेवलं होतं, भाऊजी."

"कसलं?"

"पहिला निकाल आला तेव्हा. आमचा दिवा गालापासून किती लांब धरायचा, किती मिनिटं. हाशिमकडचा दिवा एका रात्रीपुरता घरी आणणं काही अवघड नव्हतं. थॉमसना न सांगता केलं असतं मी. दुसरा निकाल थोडा उशिरा आला असता, तर केलंच असतं."

"पण आला ना वेळेवर," मी म्हणालो.

"आला. एक हो, एक नाही. तुम्ही आकडेवाले. यातून काय निघतं, सांगा."

मी थोडा विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "काही निघत नाही."

"तेच. काही निघत नाही. आणि मला मात्र रोज काहीतरी एक ठरवायला लागतं. तिसऱ्या फेरीचे ठिपके येतील तेव्हा यांचे उपचार संपत आलेले असतील." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज यांना कळलं ते बरं झालं. गुरुवारपासून मी एकटीच ठरवत होते."

त्यांनी दिवा आणला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्याऐवजी जे करता येत होतं ते केलं. दर दोन तासांनी मिठा-सोड्याच्या पाण्याने गुळण्या, गार केलेलं नाचणीचं सत्त्व चमच्याचमच्याने, ओठांना तूप. अक्का त्यांच्याशी पुष्कळ दिवस बोलत नव्हती. पण सत्त्व तीच ढवळून देत असे. शेवटच्या आठवड्यात मी वर जाताना दारातून पाहिलं, तर दोघी नणंद-भावजया एकाच ताटात जेवत होत्या. तेव्हा म्हटलं, चला, खलास.

गाठ गेली. पूर्ण गेली, आणि पुढच्या तपासण्यांतही परत आलेली दिसली नाही. डॉ. थॉमसनी त्यांना पाठ थोपटून घरी पाठवलं. वसंतरावांनी तिथल्या सगळ्यांना अलिबागच्या आमंत्रणांची खैरात केली. तोंड हळूहळू भरून आलं, आवाज परतला, थट्टाही परतली. लाळ मात्र परतली नाही.

लाळ म्हणजे काय असते, ते नसल्याशिवाय कळत नाही. कोरडी पोळी त्यांच्या तोंडात कागदासारखी फिरत राही. चिवडा, भाकरी, तळलेली सुरमई, काहीच पाण्याशिवाय उतरत नसे. प्रत्येक घासाला घोटभर पाणी. चवही निम्मी गेली होती. पहिल्यांदा ते जेव्हा पुन्हा मासळीबाजारात गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. त्यांनी अगदी पूर्वीसारखी घासाघीस करून भली मोठी सुरमई घेतली आणि घरी येऊन आम्हा सगळ्यांना वाढली. स्वतः दोन तुकडे घेतले. "मस्त झालीय ना?" ते विचारत होते. उगाच नाही, त्यांना खरंच आमच्याकडून कळून घ्यायचं होतं.

कुमुदताईंनी त्या प्रयोगाच्या आणखी फेऱ्या केल्या. गाठीच्या पेशींना कधी फायदा होई, कधी नाही. कशावर अवलंबून आहे ते सापडलं नाही. मग हाशिम दुसऱ्या देशात गेले आणि तो कोपरा दुसऱ्या कुणाला मिळाला. त्यांनी शाळा चालू ठेवली. पालक नव्या गुणकारी वस्तू घेऊन येत राहिले, आणि त्या चष्मा पुसत राहिल्या.

मी त्यांना एकदाच विचारलं. मुग्धा कॉलेजसाठी पुण्याला गेली त्या सुमारास. आम्ही इमारतीखालच्या किराणा दुकानाच्या दारात उभे होतो. मी म्हणालो, "ताई, कधी वाटतं का, की तेव्हा..."

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "रोज," त्या म्हणाल्या. "हे जेवायला बसले की."

आणि पावाची पिशवी घेऊन वर गेल्या.

दोन हजार तीन साली ते कायमचे अलिबागला निघाले. आम्ही दोघं विमानतळावर सोडायला गेलो. चेक-इन झालं होतं, बॅगा गेल्या होत्या, अर्धा तास हाताशी होता. वसंतरावांनी नीलाने दिलेल्या डब्यातली शंकरपाळी तोंडात टाकली आणि मला नव्या घराच्या गच्चीवर कुठल्या कंपनीचा एसी बसवायचा नाही ते समजावून सांगू लागले. कुमुदताई पलीकडे नीलाशी बोलत होत्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. अंगात स्वेटर. वसंतरावांचं बोलणं मध्येच जड झालं. कुमुदताईंनी नीलाशी बोलता बोलता खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून उघडली आणि मागे न बघता हात लांब केला. वसंतरावांनी बाटली घेतली, घोट घेतला, परत त्याच हातात दिली, आणि पुढचं वाक्य सुरू केलं.